अठरा पूर्ण झाले की अनुदान कुठं जातं?

आमचा धाकला, म्हणजे माझा सख्खा लहान भाऊ, पाचोऱ्याकडच्या एका गावातनं रोज गाडीत बसून तालुक्याच्या मतिमंद मुलांच्या शाळेत जायचा, अकरा वर्षं गेला. आता त्या शाळेला बौद्धिक दिव्यांग मुलांची शाळा म्हणायचं, पाटी बदललीये, गावात अजून जुनंच नाव चालतं. एप्रिलात शाळेनं नारळ दिला, शर्टपीस दिला, फोटो काढला आणि सांगितलं याचे अठरा झाले, आता जूनपासून पाठवू नका. धाकल्याला हे कसं कळणार. शाळा सुरू झाली त्या दिवशी तो नेहमीसारखा दप्तर घेऊन ओट्यावर बसला, गाडी आली, आमच्या गल्लीतली दुसरी दोन पोरं घेतली आणि निघून गेली. आठ-दहा दिवस तो रोज बसला. माय म्हणाली, "आते याले कथा धाडानं?" म्हणजे आता याला कुठं पाठवायचं.

मला तेव्हा शाळेचाच राग आला होता, वाटलं काढलं याला. नंतर एवढ्या ऑफिसांमध्ये फिरलो, एवढे जीआर वाचले, की आता गावातलं कोणी असल्या पोराचं विचारायला आलं की लोक त्याला माझ्याकडेच धाडतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मी वकील नाही, ऑफिसरही नाही, एका ग्राहकाला बिल समजलं तसं मला हे समजलंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. धाकला शाळेत होता तेव्हा सरकार त्याच्यावर पैसे खर्च करत होतं हे खरं, पण ते पैसे त्याच्या नावावर नव्हते, शाळेच्या नावावर होते. अनुदानित विशेष शाळेला राज्य सरकार मंजूर पदांचा पगार देतं, त्याशिवाय वेतनेतर अनुदान असतं, निवासी शाळा असेल तर पोरामागं परिपोषण अनुदान. पदं किती हे ठरतं पटावरून, बौद्धिक दिव्यांग मुलांच्या वर्गात साधारण आठ मुलांमागं एक शिक्षक धरतात. म्हणजे आमचा धाकला सरकारी कागदावर काय होता, तर आठातला एक. तो बाहेर पडला, त्याच्या जागी दुसरं पोरगं आलं, शाळेचं अनुदान जिथल्या तिथं आणि धाकला ओट्यावर.

रेशनचं बघा. धान्य तुमच्या कार्डावर असतं, सुरतला कामाला गेलात तर तिथल्या दुकानातनं उचलता येतं, धान्य तुमच्या मागं येतं. शाळेचं अनुदान तसं नाही. ते एसटीसारखं आहे, गाडी डेपोची, डिझेल डेपोचं, ड्रायव्हरचा पगार डेपोचा, तुम्ही फक्त तुमच्या स्टॉपपर्यंतचे प्रवासी. आणि या गाडीचा शेवटचा स्टॉप अठरा.

अठराच का, तर कायद्यातच तसं लिहिलंय. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून, त्याच्या आधी १९९५ चा कायदा होता त्यात सातच प्रकारचं अपंगत्व धरलं होतं, आता एकवीस आहेत. या नव्या कायद्याच्या ३१ व्या कलमात म्हटलंय की ज्याचं अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे अशा प्रत्येक मुलाला सहा ते अठरा वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हक्क, बरं का. अठराच्या पुढं काय, तर २४ वं कलम सामाजिक सुरक्षेचं. तिथं वाक्याची सुरुवातच अशी आहे की सरकार आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राहून योजना करेल. ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अठरापर्यंत द्यावंच लागतं आणि अठरानंतर परवडलं तर. शाळेवाल्यांनी धाकल्याला काढलं नव्हतं, तो एका कलमातनं दुसऱ्या कलमात गेला होता.

आता अठरापुढच्या माणसाला हवं काय असतं? फार काही नाही. सकाळी उठून जायला एक ठिकाण, चार माणसं ओळखीची, हाताला काम (कागदी पिशव्या, पणत्या, राख्या, पापड, काहीही), कोणीतरी लक्ष ठेवणारं, दुपारचं जेवण, संध्याकाळी घरी. याला डे केअर म्हणा, दिवस केंद्र म्हणा. आणि हे एकट्या धाकल्यासाठी नसतं. तो घरी बसला त्या वर्षी माय कापूस वेचायला गेली नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, दिवाळीच्या आसपास चार पैसे हातात येतात ते त्याच महिन्या-दोन महिन्यांत, ते गेले. त्याला एकदा सोबत नेला तर त्यानं हिरवी बोंडंही तोडून पिशवीत भरली, शेतमालक काही बोलला नाही पण माय परत गेली नाही. दिवस केंद्राचा हिशोब करताना हा पैसा कोणीच धरत नाही.

मग अशा केंद्राला सरकार पैसे देत नाही का? देतं. पण कुठल्या खिशातनं, ते बघावं लागतं.

पहिला खिसा राज्याचा. ३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याण हा वेगळा विभागच काढला, त्याआधी हे सगळं सामाजिक न्याय विभागाच्या पोटात होतं. आयुक्तालय पुण्यात, आणि जिल्ह्यात मला ज्या टेबलावर जावं लागलं ते झेडपीच्या समाजकल्याणचं. राज्याच्या अनुदानावर शाळा आहेत तशा प्रौढांच्या कार्यशाळाही आहेत, पण शाळांच्या मानानं कमी, आणि तुमच्या तालुक्यात असेलच असं नाही. शिवाय कार्यशाळेचा मूळ हेतू शिकवून बाहेर काढण्याचा. धाकल्यासारखा माणूस पिशवी चिकटवायला शिकतो, छान शिकतो, पण उद्या त्याला बाजारात सोडून दे, धंदा कर म्हटलं तर कसं होणार, त्याला शिकणं संपल्यावरही रोज जायचं ठिकाण लागतं. आणि नुसतं रोज जायचं ठिकाण हे सरकारी भाषेत बसवायला फार अवघड आहे. शिक्षण म्हणा, प्रशिक्षण म्हणा, उपचार म्हणा, त्याला हेड (बजेटमधलं खातं) सापडतं.

दुसरा खिसा दिल्लीचा, त्यात दोन कप्पे. एक दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना, १९९९ पासून आहे, हे नाव २००३ मध्ये पडलं. यात संस्थेला ठरवून दिलेल्या खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. ऐकायला झकास वाटतं. पण यादी वाचली की बराचसा भर शाळांवर आणि लहान वयातल्या उपचारांवर दिसतो, मग घरी जाऊन करायची सेवा, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांचं पुनर्वसन वगैरे. आणि अट अशी की संस्थेची नोंदणी होऊन दोन वर्षं तरी झालेली हवीत. आमच्याकडं चार पालकांनी एकत्र येऊन केंद्र काढायचं बोललं होतं तेव्हा तिथंच गाडी अडकली, कारण दोन वर्षं स्वतःच्या खिशातनं काम करून दाखवा मग अर्ज करा, आणि खिशात असतं तर अर्ज कशाला केला असता भो! सरकारच्या बाजूनंही बोलायचं तर कागदावरच्या संस्था आपल्याकडं किती निघाल्यात हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळं ही अट अगदीच चुकीची असं मी म्हणणार नाही.

दुसरा कप्पा नॅशनल ट्रस्टचा, म्हणजे राष्ट्रीय न्यास, १९९९ च्या कायद्यानं झालेला. हा आपल्या कामाचा आहे पण लोकांना माहितीच नसतो. एकवीसपैकी फक्त चार प्रकारांसाठी हा आहे: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व. त्यांची विकास नावाची योजना म्हणजे सरळसरळ डे केअरच, दहा वर्षांच्या पुढच्यांसाठी, दिवसाला किमान सहा तास. लहानांसाठी दिशा नावाची होती, पुढं दोन्ही एकत्र जोडल्या. यात सुरुवातीला सामान लावायला एकदा पैसे आणि मग डोईमागं दरमहा, ने-आणीचा भत्ताही धरलेला असतो. म्हणजे पैसा पदांवर न जाता डोक्यावर जातो, माझ्या मते योजनेचा सांगाडा सगळ्यात बरा याच्यात आहे. अडचण एवढीच की संस्था न्यासाकडं नोंदलेली लागते, योजनेत निवडली जावी लागते, आणि जिथं अशी संस्थाच नाही तिथं योजना कितीही चांगली असली तरी ती आमच्यासाठी वेबसाइटवरच राहते.

आणि कुठलाही कप्पा असो, पैसे येण्याची रीत साधारण एकच. बहुतेक वेळा आधी खर्च करा. मग सीएकडून ऑडिट, मग युटिलायझेशन सर्टिफिकेट (यूसी यूसी म्हणतात ते हेच, दिलेले पैसे ज्यासाठी दिले त्यालाच लावले याचा दाखला), मग तपासणीला साहेब येणार, त्यांचा रिपोर्ट वर जाणार, तिथं एखादी त्रुटी निघाली की फाइल खाली, खालनं परत वर, आणि तोपर्यंत मार्च संपला की पुढच्या वर्षाचं बजेट. या सगळ्यात केंद्र चालवणाऱ्या बाईनं मदतनिसाचा पगार कशातनं द्यायचा? बऱ्याच ठिकाणी उसनवारीतनं, नाहीतर वाढदिवसाला जेवण देणाऱ्या शेठ लोकांच्या देणगीतनं. एखाद्या केंद्रात तीन मुलं आजारी म्हणून गैरहजर राहिली तर डोईमागचं अनुदान कमी होऊ शकतं, पण व्हॅनचं डिझेल तेवढंच लागतं. त्या बाईंवर चिडण्याआधी हे आठवा. मी चिडलो होतो, नंतर लाज वाटली.

आता समजा आकडे मांडू. हे माझे धरलेले आकडे आहेत, कुठल्या केंद्राचे नाहीत. वीस माणसं. विशेष शिक्षक वीस हजार, दोन मदतनीस मिळून सोळा हजार, व्हॅन ड्रायव्हरसकट पंचवीस हजार, भाडं-लाइट दहा हजार, महिन्याचे पंचवीस दिवस तीस रुपयांचं जेवण म्हणजे पंधरा हजार, किरकोळ चार हजार. झाले नव्वद हजार. माणशी साडेचार हजार. यात मोठा घास कोणाचा, तर व्हॅनचा. पुण्या-मुंबईत पोरगं रिक्षानं सोडता येतं, आपल्याकडं एक पोरगं नगरदेवळ्याला, एक लोहाऱ्याला, एक कुऱ्हाडला, गाडी गोळा करत फिरते तेव्हा वीस माणसं होतात. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, ६५ टक्क्यांवरचं अपंगत्व असेल तर सोबत्यालाही ५० टक्के आहे, पण सोबती म्हणजे माय, आणि ती चार वेळा ये-जा करत बसली तर तिचा दिवस वाचला कुठं?

तिसरा खिसा म्हणजे थेट माणसाच्या खात्यात येणारा पैसा. संजय गांधी निराधार. आधी महिन्याला दीड हजार होते, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना अडीच हजार केले, त्याआधी जूनमध्ये बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले होते, त्यांची मागणी सहा हजारांची होती. केंद्राचं जे दिव्यांग निवृत्तिवेतन आहे, ८० टक्क्यांच्या वरच्यांचं, त्यात केंद्राचा वाटा २०१२ पासून तीनशे रुपये आहे, तीनशे म्हणजे तीनशेच, तेव्हापासून पेट्रोल कुठं गेलं बघा. आता मजा अशी की या तिसऱ्या खिशातला पैसा खऱ्या अर्थानं धाकल्याच्या नावावरचा आहे, रेशनसारखा. तो घेऊन तो कुठल्याही केंद्रात जाऊ शकतो. पण माणशी साडेचार हजारांच्या समोर अडीच हजार, आणि त्यातही उत्पन्नाची अट दिव्यांगांसाठी कुटुंबाला वर्षाला पन्नास हजार. ३६५ नं भागा, दिवसाला १३७ रुपये. नवरा-बायको दोघं मजुरीला जात असतील तर या आकड्यात राहतात कसे हे मला तहसीलमधल्या कोणीही सांगितलं नाही, दाखला मात्र निघतो.

माझा मावसभाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला आहे, त्याच्या शेजाऱ्याचा पोरगा धाकल्यासारखाच, त्याला सकाळी गाडी नेते, संध्याकाळी आणून सोडते, घरच्यांना एक डॉलर नाही. मी म्हटलं हे कसं काय जमतं, तर जरा वाचलं. तिकडं गरिबांच्या इलाजासाठी मेडिकेड नावाची सरकारी योजना आहे. पूर्वी तिचा नियम असा की माणूस दवाखान्यात किंवा मोठ्या संस्थेत ठेवला तर पैसे, घरी ठेवला तर नाही. आयोवा राज्यात केटी बेकेट म्हणून तीन वर्षांची मुलगी होती, घरी ठेवणं कितीतरी स्वस्त पडत होतं पण नियमामुळं ती दवाखान्यातच अडकली. १९८१ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकारांसमोर तिचं उदाहरण दिलं, नियम वाकवला, आणि त्याच वर्षी कायद्यात अशी सोय आली की राज्यांना हा नियम बाजूला ठेवून तोच पैसा घरच्या आणि गावातल्या सेवांवर खर्च करता यावा. त्याला वेव्हर म्हणतात, म्हणजे नियमातनं सूट. तिकडची दिवस केंद्रं बरीचशी याच पैशावर चालतात. माणसाच्या नावानं प्लॅन मंजूर होतो, तो जितके दिवस किंवा तास केंद्रात आला तितकं बिल दिवस केंद्रवाले सरकारला लावतात. पैसा माणसाच्या मागं चालतो.

पण तिकडं सगळं गोड आहे असंही नाही. शाळेचा हक्क तिकडं एकवीस वर्षांपर्यंत, आणि त्यानंतर काय होतं त्याला तिकडचे पालक कड्यावरून पडणं म्हणतात, म्हणजे आमचाच ओटा. वेव्हर हा हक्क नाही, जागा मोजून असतात, आणि २०२४ मध्ये सगळ्या राज्यांत मिळून सुमारे सात लाख माणसं वेटिंग लिस्टवर होती. काही लोक वर्षानुवर्षं. मावसभावाचा शेजारी नशीबवान निघाला एवढंच.

आता आपल्या गावात हाताशी काय आहे ते. चौथा खिसा, ग्रामपंचायत. ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी, नगरपालिका, सगळ्यांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, आधी ३ टक्के होतं. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं हे, वरनं आलेला निधी नाही. समजा गावाचं स्वउत्पन्न सहा लाख, तर तीस हजार निघतात. बहुतेक गावांत काय होतं, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ग्रामसेवक यादी काढतो, वीस दिव्यांग असले तर प्रत्येकाला दीड हजार, सही-अंगठा, फोटो, संपलं. वैयक्तिक लाभ द्यायलाही हरकत नाही, पण हा निधी सामूहिक कामालाही वापरता येतो, हे ग्रामसभेत कोणी बोलत नाही. व्हॅनच्या डिझेलचा विषय आमच्या ग्रामसभेत मी काढला, अर्धे लोक हसले, सरपंच म्हणाले लेखी द्या. लेखी दिलंय, पोच घेतलीये. तुम्हीही पोच घ्याच, तोंडी बोललेलं भरीत-भाकरीबरोबर पचून जातं.

कागदांचंही सांगतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर वरच्या चारही खिशांत हात घालता येत नाही. चाळीसच्या खाली पांढरं कार्ड, चाळीस ते ऐंशी पिवळं, ऐंशीच्या वर निळं. बौद्धिक दिव्यांगासाठी जिल्हा पातळीवर आयक्यू टेस्ट होते, त्यात टक्के ठरतात, धाकल्याचे ७५ आले, पिवळं. टेस्टच्या दिवशी पोरगं घाबरून गप्प बसलं किंवा उलट रोजच्यापेक्षा शहाण्यासारखं वागलं तर आकडा इकडं-तिकडं होतो, त्यामुळं शाळेचा रिपोर्ट, जुने कागद सोबत न्या, आणि त्याला खायला काहीतरी न्या, लाइन मोठी असते.

आणि हे फार कमी लोकांना माहिती असतं: अठरा पूर्ण झाले की कायद्यानं आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. अठरापुढच्या माणसाला स्वतःचा निर्णय स्वतः घेता येतो असं कायदा धरतो, धाकल्याच्या बाबतीत बँकेनं तेच धरलं आणि त्याच्या खात्यावर आईची सही चालेना. निराधारचे पैसे जमा होत होते, निघत नव्हते. त्यावर उपाय नॅशनल ट्रस्टच्या कायद्यातच आहे, प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडं कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा, त्याच चार प्रकारांसाठी. कोर्टात जायला लागत नाही. अर्ज शाळेत असतानाच, सतराव्या वर्षी तयार ठेवला असता तर आमचे सात महिने वाचले असते. त्याच ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विम्याची योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी मेडिकल टेस्ट लागत नाही, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. ती काढा.

धाकला सध्या आठवड्यातनं तीन दिवस तालुक्याला जातो. एका मावशींनी त्यांच्या ओसरीत सात जणांचं काहीतरी चालू केलंय, नोंदणी नाही, अनुदान नाही, केळीचे वेफर्स भरून पाकिटं सील करतात, पाकिटामागं थोडे पैसे मिळतात. मावशींना मी संस्था नोंदवा म्हणून मागं लागलोय, कारण ती दोन वर्षं कधीतरी मोजायला लागली पाहिजेत ना. तीन दिवस, कारण माझी मोटरसायकल तीनच दिवस त्या बाजूला जाते. उरलेल्या दिवशी सकाळी शाळेची गाडी गल्लीत येते तेव्हा तो अजून ओट्यावर असतो, दप्तर नसतं आता, ड्रायव्हरला हात करतो, ड्रायव्हर हॉर्न देतो.